इंद्रलाल रॉय : तेरा दिवसांत नऊ विमाने की दहा?

१.
२२ जुलै १९१८. उत्तर फ्रान्समधील कार्वँ या गावावरील आकाशात ब्रिटिश आणि जर्मन लढाऊ विमानांची झुंज जुंपली. जर्मनांच्या बाजूने लढत होती त्यांची २९ क्रमांकाची लढाऊ तुकडी आणि तिची फॉकर डी. ७ जातीची विमाने. या झुंजीत एक ब्रिटिश एस. ई. ५ए विमान पडले. त्यातील वैमानिकाचे वय होते १९ वर्षे ७ महिने. त्याचा जन्म कोलकात्यातला, घराणे बारिसालचे आणि नाव इंद्रलाल रॉय. पहिल्या महायुद्धातील भारताचा लढाऊ वैमानिकांमधला ‘एक्का’ म्हणून इतिहास त्यांना ओळखतो.

२.
‘एक्का’ हा शब्द येथे अगदी योग्य आहे. शत्रूची किमान पाच विमाने पाडणाऱ्या वैमानिकाला फ्रेंच लोक ‘आस’ म्हणत आणि त्याचा अर्थच पत्त्यांमधील एक्का. इंग्रजीने तो शब्द उचलला. ब्रिटिश हवाई दलाने मात्र ही पदवी अधिकृतपणे कधीच स्वीकारली नाही. रॉय यांच्या नावावर दहा विजय नोंदलेले आहेत आणि ते सगळे ६ ते १९ जुलै १९१८ या दोन आठवड्यांतले. त्यांना मिळालेल्या सन्मानाच्या मानपत्रात मात्र आकडा आहे नऊ. हा फरक का पडला, याचा उलगडा पुढे येईल. त्याआधी माणूस समजून घेऊ.

३.
इंद्रलाल यांचा जन्म २ डिसेंबर १८९८ रोजी झाला. वडील प्यारेलाल रॉय हे बॅरिस्टर. घराणे पूर्व बंगालातील बारिसाल जिल्ह्यातल्या लाखुटियाच्या जमीनदारांचे. आई ललिता रॉय यांच्यासह मुले लहानपणीच लंडनला गेली आणि तेथेच वाढली. स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून १७ जून १९११ रोजी लंडनमध्ये प्रचंड मिरवणूक निघाली होती. तिच्यातील भारतीय स्त्रियांच्या पथकामागे ललिताबाईंचा पुढाकार होता. थोरले बंधू परेशलाल यांचे नाव भारतीय मुष्टियुद्धाचे जनक म्हणून घेतले जाते. महायुद्धात तेही ब्रिटिश लष्कराच्या एका जुन्या नामांकित पलटणीत होते.

४.
घरात इंद्रलाल यांना ‘लॅडी’ म्हणत. लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत त्यांचे शिक्षण झाले आणि ऑक्सफर्डची शिष्यवृत्तीही मिळाली. पण १९१७ साली अठरा वर्षांच्या मुलापुढे वर्गापेक्षा युद्धाची हाक मोठी होती. त्यांनी रॉयल फ्लाइंग कोअरकडे अर्ज केला. प्रथम दृष्टिदोषामुळे नकार आला. तेव्हा आपली मोटारसायकल विकून त्यांनी एका नामवंत नेत्रतज्ज्ञाकडून पुन्हा तपासणी करून घेतली, अशी हकीकत त्यांच्या चरित्रकथनांत आवर्जून सांगितली जाते. एप्रिल १९१७ मध्ये ते दलात दाखल झाले आणि ५ जुलै १९१७ रोजी त्यांना सेकंड लेफ्टनंटचा हुद्दा मिळाला.

५.
या तारखेचे महत्त्व लक्षात घ्यायला हवे. त्या काळी भारतीय लष्करात भारतीय माणूस सुभेदार मेजर किंवा रिसालदार मेजर या पदापर्यंत चढू शकत असे. हे पद व्हाइसरॉयच्या सनदेचे. नुकताच भरती झालेला गोरा लेफ्टनंटही त्याच्यावर हुकूम चालवू शके. लढाऊ अधिकाऱ्याचे खरे पद राजाच्या सनदेचे, म्हणजे ‘किंग्ज कमिशन’. आणि ते दार भारतीयांना जवळजवळ बंदच होते. ऑगस्ट १९१७ मध्ये ते किलकिले झाले, तेव्हा पहिल्या फेरीत अवघ्या नऊ भारतीयांना सनदा मिळाल्या. रॉय यांचे अधिकारपद तात्पुरते, युद्धापुरते होते. पण ते या घोषणेच्या आधीचे आहे.

६.
महाराष्ट्रातही हाच प्रश्न पेटलेला होता. १० जून १९१८ रोजी मुंबईत गव्हर्नर विलिंग्डन यांनी युद्धपरिषद बोलावली. तेथे लोकमान्य टिळकांना मध्येच अडवण्यात आले आणि ते सभात्याग करून बाहेर पडले. टिळकांचा भरतीला विरोध नव्हता. भारतीयांना अधिकारपदे मिळत नसतील तर लढायचे कशासाठी, हा त्यांचा सवाल होता. गांधीजींनी सरकारकडून तसे आश्वासन मिळवावे, आपण महाराष्ट्रातून पाच हजार माणसे देऊ, असे म्हणून त्यांनी हमीदाखल पन्नास हजार रुपयांचा धनादेश गांधीजींकडे पाठवला होता. गांधीजींनी तो परत केला. मुंबईच्या त्या परिषदेनंतर नऊच दिवसांनी रॉय फ्रान्समधल्या आपल्या दुसऱ्या स्क्वाड्रनमध्ये रुजू झाले.

७.
रॉय एकटे नव्हते. त्या युद्धात ब्रिटिश हवाई दलातून लढलेले चार भारतीय वैमानिक प्रामुख्याने ओळखले जातात. हरदित सिंग मलिक २८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये होते. ऑक्टोबर १९१७ मध्ये पायात गोळ्या घुसूनही ते विमान परत घेऊन आले आणि पुढे स्वतंत्र भारताचे फ्रान्समधील राजदूत झाले. एरोल चंदर सेन सप्टेंबर १९१७ मध्ये जर्मनांच्या हाती सापडले आणि युद्ध संपेपर्यंत कैदेत राहिले. चौथे वैमानिक आपल्या मुंबईचे, केंब्रिजला शिकलेले श्रीकृष्ण वेलिंकर. २३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये ते डॉल्फिन विमान चालवत. जून १९१८ च्या अखेरीस ते पाडले गेले आणि जखमांनी मरण पावले. त्यांचे दफन फ्रान्सच्याच भूमीत झाले.

८.
वाँदोम आणि टर्नबेरी येथील प्रशिक्षण आटोपून ३० ऑक्टोबर १९१७ रोजी रॉय ५६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाले. ब्रिटिशांची ही सर्वांत नावाजलेली लढाऊ तुकडी. अल्बर्ट बॉल, जेम्स मॅककडन असे गाजलेले वैमानिक तिने दिले. याच स्क्वाड्रनचा आर्थर ऱ्हीस डेव्हिड्स रॉय येण्याच्या तीनच दिवस आधी मारला गेला होता. पाली टेक्स्ट सोसायटीचे संस्थापक, बौद्ध वाङ्मयाचे थोर अभ्यासक टी. डब्ल्यू. ऱ्हीस डेव्हिड्स यांचा तो मुलगा. नव्या वैमानिकाला कोणाच्या तरी रिकाम्या जागेवरच बसायचे असते, हे येथे पहिल्या दिवशीच कळत असे.

९.
एस. ई. ५ए हे विमान कसे होते? लाकडी सांगाडा, वर कापड, एकच आसन, उघडी कॉकपिट. वेग ताशी सुमारे २२० किलोमीटर. पाच हजार मीटरवर ते सहज जाई. पण तेथे श्वासासाठी प्राणवायूची सोय नाही आणि हाडे गोठवणारी थंडी. ब्रिटिश वैमानिकांना पॅराशूट दिले जात नसे. शस्त्रे दोन : पंख्याच्या पात्यांमधून अचूक वेळ साधून गोळ्या सोडणारी व्हिकर्स मशीनगन आणि वरच्या पंखावर बसवलेली लुईस मशीनगन. लुईस खाली ओढून तिचे तोंड आकाशाकडे करता येई. शत्रूच्या पोटाखाली शिरून वर मारा करायला ही रचना फार उपयोगी पडे.

१०.
६ डिसेंबर १९१७ रोजी रॉय यांचे विमान कोसळले आणि ते गंभीर जखमी झाले. याच प्रसंगाभोवती त्यांची सर्वांत प्रसिद्ध आख्यायिका उभी आहे : मृत समजून त्यांना शवागारात ठेवले, शुद्धीवर आल्यावर त्यांनी आतून दार ठोठावले आणि पहारेकऱ्याची बोबडी वळली. गोष्ट सांगायला रंगतदार आहे. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने तिला आख्यायिकेच्याच रकान्यात ठेवावे. अपघात, इजा आणि पुढचे अनेक महिने आघाडीपासून दूर काढावे लागणे एवढे पक्के आहे. आणि तेवढेही कमी नाही.

११.
बरे होण्याच्या काळात, इंग्लंडमध्ये, रॉय यांनी विमानांची रेखाचित्रे काढली. त्यांतली बरीचशी आजही शिल्लक आहेत. हवेतल्या झुंजी, विमानांची ठेवण, पंखांचे कोन त्यांनी कागदावर उतरवले. उड्डाणाची परवानगी नसलेल्या वैमानिकाचे मन कुठे होते, हे त्या कागदांवरून समजते. वैद्यकीय मंडळाने त्यांना उड्डाणासाठी अपात्र ठरवले होते. रॉय यांनी आपली बाजू लावून धरली, निर्णय फिरवून घेतला आणि नव्याने प्रशिक्षण पूर्ण केले. घरी परतण्याचा सन्माननीय मार्ग समोर असताना त्यांनी तो नाकारला, हे त्यांच्या दहा विजयांइतकेच महत्त्वाचे आहे.

१२.
१९ जून १९१८ रोजी ते ४० क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाले. दरम्यान १ एप्रिल १९१८ रोजी लष्कराची आणि नौदलाची हवाई पथके एकत्र करून ‘रॉयल एअर फोर्स’ स्थापन झाला होता. रॉय यांच्या फ्लाइटचे प्रमुख होते कॅप्टन जॉर्ज मॅकेलरॉय. हे डब्लिनकडचे आयरिश. ४७ विजय नावावर असलेले, त्या युद्धातील अग्रगण्य वैमानिकांपैकी एक. ब्रिटिश साम्राज्याविरुद्ध आयर्लंडमध्ये १९१६ सालीच उठाव होऊन गेला होता आणि भारतात होमरूलची चळवळ जोरात होती. अशा काळात त्याच साम्राज्याच्या विमानांतून एक आयरिश आणि एक बंगाली रोज सकाळी शेजारी शेजारी उडत होते.

१३.
हवाई युद्धात गुरू चांगला असणे म्हणजे काय? नवखा वैमानिक शत्रू दिसताच तुटून पडतो. अनुभवी वैमानिक आधी उंची मिळवतो, सूर्य पाठीशी घेतो, शत्रू एकटा आहे की वर त्याचे साथीदार दबा धरून आहेत हे पाहतो आणि अगदी जवळ गेल्यावरच गोळी झाडतो. मॅकेलरॉय यांनी ही शिस्त मिक मॅनॉक या नामांकित वैमानिकाच्या हाताखाली गिरवली होती. १९१७ च्या अखेरीचे रॉय आणि १९१८ च्या जुलैमधले रॉय यांच्यात जो फरक दिसतो, त्यात या सोबतीचा वाटा नक्कीच मोठा असणार.

१४.
आता ते दोन आठवडे क्रमाने पाहू.
६ जुलै : द्रोकूरवर हॅनोव्हर जातीचे दोन आसनी विमान. पहिला विजय.
८ जुलै : चार तासांच्या आत तीन विजय, दोन हॅनोव्हर आणि एक फॉकर डी. ७.
१३ जुलै : दोन, एक हॅनोव्हर, एक फाल्झ डी. ३.
१५ जुलै : दोन, दोन्ही फॉकर डी. ७.
१८ जुलै : एक डी. एफ. डब्ल्यू. जातीचे टेहळणी विमान.
१९ जुलै : कान्यिकूरवर एक हॅनोव्हर. दहावा आणि शेवटचा विजय.

१५.
या यादीत हॅनोव्हरचे नाव वारंवार येते. ही सोपी शिकार नव्हती. हॅनोव्हर आकाराने इतके आटोपशीर असे की दुरून ते एक आसनी वाटे आणि जवळ जाणाऱ्याला मागे बसलेल्या तोफचीच्या गोळ्या खाव्या लागत. त्याचे शेपूटही लहान ठेवलेले होते, म्हणजे तोफचीला मारा करायला मोकळी दिशा मिळावी. फॉकर डी. ७ तर जर्मनांचे सर्वोत्तम लढाऊ विमान. युद्धबंदीच्या अटींत दोस्तांनी जी शस्त्रे जर्मनीने सोपवावीत असे म्हटले, त्यांत या विमानाचा उल्लेख नावानिशी होता.

१६.
‘विजय’ या शब्दाचाही नेमका अर्थ पाहायला हवा. ब्रिटिश नोंदींत शत्रूचे विमान ‘नष्ट’ झाले तरी विजय आणि ते ‘ताबा सुटून खाली जाताना दिसले’ तरीही विजयच. रॉय यांच्या दहांपैकी पाच पहिल्या प्रकारातले आहेत, पाच दुसऱ्या. दोन विजयांत सहकारी वैमानिकाचाही वाटा आहे. दुसऱ्या प्रकारात चूक संभवते, कारण ताबा सुटल्याचे सोंग करून खाली सूर मारणे ही निसटण्याची ठरलेली युक्ती होती. शिवाय झुंजी बहुधा जर्मनांच्या हद्दीवर होत. मग अवशेष तपासणार कोण? म्हणून कोणत्याही ब्रिटिश वैमानिकाचा आकडा हा ‘मान्य झालेल्या दाव्यांचा’ आकडा असतो. एकट्या रॉय यांच्यासाठी वेगळा निकष लावण्याचे कारण नाही.

१७.
आता नऊ की दहा हा प्रश्न. ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ हा सन्मान जून १९१८ मध्येच सुरू झाला होता. रॉय यांना तो मरणोत्तर मिळाला आणि २१ सप्टेंबर १९१८ च्या राजपत्रात जाहीर झाला. हा क्रॉस मिळवणारे ते पहिले भारतीय. मानपत्राचा आशय असा : या शूर व निर्धारी अधिकाऱ्याने तेरा दिवसांत शत्रूची नऊ विमाने निकामी केली आणि एकाहून अधिक वेळा एकाच गस्तीत दोन विमाने पाडली. स्क्वाड्रनच्या हिशेबात मात्र विजय दहा आहेत. मग चूक कोणाची?

१८.
वरची यादी पुन्हा मोजून पाहा. ६ जुलैपासून १८ जुलैपर्यंत, दोन्ही दिवस धरून, नेमके तेरा दिवस भरतात आणि त्या तेरा दिवसांचे विजय १ + ३ + २ + २ + १, म्हणजे नेमके नऊ. दहावा विजय १९ जुलैचा, चौदाव्या दिवशीचा. म्हणजे दोन्ही आकडे बरोबर आहेत. मानपत्राचा हिशेब १८ जुलैला थांबलेला दिसतो. यावरून शिफारशीचा मजकूर रॉय जिवंत असतानाच तयार झाला असावा, असा तर्क करता येतो. आज सर्वत्र लिहिले जाणारे ‘तेरा दिवसांत दहा विमाने’ हे वाक्य मात्र दोन वेगळ्या हिशेबांची सरमिसळ आहे.

१९.
१९ जुलैनंतर तीनच दिवसांनी शेवट आला. पश्चिम आघाडीवर वारा बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. त्यामुळे झुंज सुरू झाली की दोन्हीकडची विमाने हळूहळू जर्मन हद्दीत खोलवर सरकत आणि परतताना ब्रिटिश वैमानिकाला समोरचा वारा कापावा लागे. रॉयही जर्मन हद्दीतच पडले. कार्वँजवळच्या एस्तवेल या खेड्याच्या दफनभूमीत त्यांची कबर आहे. तिच्यावरील लेखात बंगाली अक्षरेही कोरलेली आहेत. आणखी नऊ दिवसांनी, ३१ जुलै रोजी, मॅकेलरॉयही परतले नाहीत. त्यांचे विमान जमिनीवरून झालेल्या गोळीबारात पडले. त्याआधी २६ जुलैला मॅनॉक गेले होते. दहा दिवसांत गुरू, गुरूचा गुरू आणि शिष्य असे तिघेही गेले.

२०.
येथे आणखी एका दंतकथेचा निकाल लावायला हवा. रॉय पडले त्या जागेवर खुद्द ‘रेड बॅरन’ मॅनफ्रेड फॉन रिख्तहोफेन याने आकाशातून पुष्पचक्र टाकले, असे काही लेखांत छापून आले आहे. रिख्तहोफेन २१ एप्रिल १९१८ रोजी, म्हणजे रॉय यांच्या तीन महिने आधीच मारला गेला होता. कथा का जन्मते हे समजू शकते : आपल्या वीराला शत्रूच्या सर्वांत मोठ्या वीराने मुजरा करावा, ही इच्छा स्वाभाविक आहे. पण एका साध्या तारखेने कोसळणारी गोष्ट वीराची उंची वाढवत नाही. उलट, ती पकडली गेली की खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

२१.
आता सर्वांत अवघड प्रश्न. रॉय कोणासाठी लढले? साम्राज्यासाठी लढलेल्या भारतीय सैनिकांची संख्या लाखांत आहे. त्यांपैकी सुमारे ७४ हजार परतले नाहीत. त्याच्या मोबदल्यात मार्च १९१९ मध्ये रौलट कायदा आला आणि १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बाग घडले. रॉय यांच्या सन्मानाची बातमी राजपत्रात छापून तेव्हा सात महिनेही झाले नव्हते. या पार्श्वभूमीवर त्यांना ‘देशासाठी लढलेला क्रांतिवीर’ म्हणणे अनैतिहासिक ठरेल. पण ‘साम्राज्याचा भाडोत्री शिपाई’ म्हणून मोडीत काढणे तितकेच अनैतिहासिक आहे.

२२.
त्यांचे वय लंडनमध्ये गेले. शाळासोबती एकामागून एक आघाडीवर जात होते. त्यांच्या घरातच हक्क मागून घेण्याची रीत होती : आई रस्त्यावर उतरून मताधिकार मागत होती, भाऊ लढाईवर होता. मुलाने अर्ज केला तो हलक्या कामासाठी नव्हे, वैमानिक अधिकाऱ्याच्या जागेसाठी. नकार आला तेव्हा पुन्हा गेला, अपात्र ठरला तेव्हाही पुन्हा गेला. भारतीय माणूस अधिकारी होऊ शकत नाही, यंत्र हाताळू शकत नाही, आणीबाणीत त्याचे डोके शांत राहत नाही, असे त्या काळी उघड बोलले जात असे. रॉय, मलिक, सेन आणि वेलिंकर यांनी त्याचे उत्तर आकाशात दिले. टिळक जे मागत होते, त्याचा पुरावाच या चौघांनी दिला.

२३.
तरीही दार लगेच उघडले नाही. भारतीय वायुसेनेची स्थापना व्हायला ८ ऑक्टोबर १९३२ उजाडावा लागला. रॉय यांच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी. पहिल्या भारतीय वायुसेनाप्रमुखासाठी, सुब्रतो मुखर्जी यांच्यासाठी, १ एप्रिल १९५४ पर्यंत थांबावे लागले. १९९८ साली जन्मशताब्दीनिमित्त भारतीय टपाल खात्याने रॉय यांचे तिकीट काढले. कोलकात्याच्या भवानीपूर भागात त्यांच्या नावाचा एक रस्ता आहे. मुंबईकर वेलिंकरांचे नाव मात्र आज मुंबईतही फारसे कोणाला ठाऊक नाही.

२४.
रॉय यांची लढाऊ कारकीर्द मोजायला घेतली तर दोन तुकड्या हाती लागतात : १९१७ च्या अखेरीस सुमारे पाच आठवडे आणि १९१८ च्या उन्हाळ्यात आणखी पाच. त्यांच्या मध्ये आहे एक अपघात, रेखाचित्रांचा एक गठ्ठा आणि ‘तू उडू शकणार नाहीस’ असे सांगणारा एक वैद्यकीय शेरा. शवागाराचे दार किंवा रेड बॅरनचे पुष्पचक्र यांची या माणसाला गरज नाही. मानपत्रातले नऊ, स्क्वाड्रनच्या नोंदीतले दहा आणि कबरीवरची मायबोलीतली अक्षरे एवढ्यावर त्याचा इतिहास भक्कम उभा आहे.